हार

पहिल्या वर्षी कुंपणापलीकडून एल्स्पेथबाई म्हणाल्या,
"दुपारपर्यंत हार येईल बघ."
मी विचारलं, कुणासाठी?

त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.
पुन्हा म्हणाल्या, सावकाश, "हार,"
आणि चिमटे काढून दोरीवरचे अभ्रे
ओलेच टोपलीत टाकू लागल्या.
त्यांच्या मानेच्या रोखानं पाहिलं तर
बंदराचा बांध होता, एक लाल बोया होता,
आणि मग एकदम काहीच नव्हतं.

ॲबर्डीनमध्ये समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला हार म्हणतात.
आमच्यात हार घालतात, नाहीतर मानतात.
इथे तो नुसता येतो.
हे कळायला मला एक दुपार लागली,
अंगवळणी पडायला अकरा वर्षं.
अजून पडतंय.

मे महिना. अठरा मैल आत, बँकरीला,
लोक उघड्या दंडांनी आइस्क्रीम खातायत.
इकडे टोरीत हीटर लावावा तर मे आहे म्हणून लाज वाटते,
न लावावा तर गुडघे बोलतात.
ग्रॅनाइटची घरं आधीच राखाडी, त्यात हे:
भिंत कुठं संपते, हवा कुठं सुरू होते,
हात लावून ठरवायचं.
आई फोनवर विचारते, वाळवणं झाली का?
तिच्या गच्चीवर कुरडया खडखडीत.
मीही एकदा हौसेनं सांडगे घातले होते,
तिसऱ्या दिवशी त्यांना मिशा फुटल्या.

सुनीत तेलाच्या फलाटावर,
तीन आठवडे तिकडे, तीन इकडे.
मंगळवारी यायचा होता. मी वांगी भरून ठेवली.
मंगळवारी हेलिकॉप्टर उडालं नाही.
बुधवारीही नाही.
"इथे तर लख्ख ऊन आहे गं," तो सांगतो,
"डेकवर टोपी घालून बसलोय.
तुमच्याकडेच काय ते."
जणू मीच दार उघडं टाकलं होतं.
वांगी गरम केली, गार झाली, पुन्हा गरम केली,
गुरुवारी एकटीनं खाल्ली,
उभ्यानंच, ओट्यापाशी.

एल्स्पेथबाईंचा नवरा ट्रॉलरवर होता.
त्या वाट बघण्याबद्दल बोलत नाहीत,
गाईबद्दल बोलतात:
दीपगृहापाशी पूर्वी भोंगा होता,
त्याला सगळे टोरीची गाय म्हणायचे.
हार आला की ती रात्रभर हंबरायची,
पोरं झोपायची नाहीत, आम्ही शिव्या घालायचो.
मग एक दिवस ती बंद केली.
"आणि मग," त्या म्हणतात, "कितीतरी दिवस
डोळ्याला डोळा लागेना."
आता यंत्रं आहेत, पडद्यावर हिरवे ठिपके.
ठिपके हंबरत नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी
जुन्या तोफखान्यापर्यंत चालत गेले.
भुवयांवर, मफलरच्या लोकरीवर बारीक मणी,
झटकले तरी पुन्हा.
कठड्यापाशी थांबले. समुद्र होता, फक्त आवाजापुरता.
तेवढ्यात खाली, अगदी जवळ,
कुणीतरी श्वास सोडला. फुस्स.
मग पुन्हा. त्यामागे एक लहानसा.
डॉल्फिन असणार. दिसलं काहीच नाही.
मी श्वास मोजत राहिले,
आधी त्यांचे, मग मधूनच माझे,
एकवीसच्या पुढे चुकले.

परतताना आईचा फोन.
कुठे होतीस? आवाज का असा बसलाय?
"हार आलाय," मी म्हणाले, सवयीनं.
ती क्षणभर गप्प. मग हळूच,
"अगंबाई! कुणी घातला?"

मी गळ्याशी हात नेला.
मफलर चिंब होता.
दाराशी एल्स्पेथबाईंनी र्‍हुबार्बच्या काड्या ठेवल्या होत्या
कालच्या पेपरात गुंडाळून,
कागद भिजून निम्म्या बातम्या
देठांना चिकटलेल्या.